दोनदा धुतलेला डाळिंबी

मंगळवारी सकाळी साडेदहाला कामिनीने सोसायटीच्या हॉलमधल्या जुन्या कॉम्प्युटरवर आपला प्रोग्राम चालवला. विंडो उघडायच्या आतच मिटली. लाजाळूच्या पानाला बोट लागावं तशी. मागे काळ्या पडद्यावर एकच ओळ उरली : अडॅप्टर सापडला नाही.

"दिसून राहिलं का काही?" मागून बायजाबाईने विचारलं. तिच्या हातांना कोपरापर्यंत रंग लागला होता, म्हणून ती कशालाही न टेकता मधोमध उभी होती.

"नाई आत्या. अजून नाई."

"मग ते काय लिहून आलं?"

"म्हणते, रंगवणाराच सापडत नाई."

"घ्या! अन् मी इथं काय झक मारून राहिली?" बायजाबाई म्हणाली, आणि हसत हसत मागच्या दाराने आपल्या भट्टीकडे निघून गेली.

कामठीतल्या त्या लहानशा विणकर सोसायटीचे चौदा माग. त्या चौदाही मागांवर चढणारं सूत गेली अडतीस वर्षं एकाच बाईच्या हाताखालून जात आलं होतं. हॉलच्या मागे टिनाची शेड, शेडमध्ये दोन भट्ट्या, भट्ट्यांवर रंग उकळायच्या दोन मोठ्या डेगा. बायजाबाई कामिनीच्या वडिलांची सख्खी बहीण. तिच्याजवळ पुठ्ठ्याची एक वही होती, आणि तिच्या पानापानावर सुताचे तुकडे टाचलेले होते. एकशे बारा रंग. डाळिंबी, जांभुळ, आमसुली, मोरपंखी, पिकलं लिंबू, कच्चं लिंबू. कशात काय किती घालायचं ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते तिच्या हातात होतं, आणि ओव्यांत होतं. सूत डेगेत किती वेळ ठेवायचं ते ती ओव्यांवर मोजायची. डाळिंबीला अकरा ओव्या, जांभुळाला सोळा. घड्याळ बंद पडतं, ओवी बंद पडत नाही, असं तिचं म्हणणं.

पण आता गिऱ्हाईक बदललं होतं. साडी विणायच्या आधीच कशी दिसेल ते त्याला डोळ्याने पाहायचं होतं. सोसायटीचा सेक्रेटरी गोविंदा याच्याकडे बाहेरगावच्या एका सूतवाल्याचा सारखा फोन येत होता : सूत रंगवूनच पाठवतो, रंग मोबाइलवर पाहा, बोट ठेवा, माल दारात. गोविंदा वाईट माणूस नव्हता. त्याला चौदा माग चालते ठेवायचे होते. त्याने साफ सांगितलं होतं, "गुरुवारी अकराले नागपूरची पायल मॅडम येऊन राहिली. दिवाळीच्या साड्या ठरवून जाईन. आपल्या स्क्रीनवर जो रंग दिसला तोच साडीत उतरत असंल, तर भट्टी राहीन. नाही तर पुढच्या महिन्यापासून सूत बाहेरून."

तेव्हा कामिनीच म्हणाली होती, "मी दाखवते, भाऊ."

ती नागपूरला, नंदनवन भागात, एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत कामाला होती. रोज कामठीहून शेअर ऑटो, मग मेट्रो, मग पुन्हा ऑटो. वहीतल्या एकशे बारा धाग्यांचे तिने फोटो काढले होते आणि प्रत्येक फोटोतून रंगाचे तीन आकडे घेतले होते : लाल किती, हिरवा किती, निळा किती. काठ निवडा, पदर निवडा, अंग निवडा, की समोर साडी. आधी तिने ते ब्राउझरमध्ये करून पाहिलं. पण सोसायटीचा कॉम्प्युटर कुणीतरी जुना म्हणून देऊन टाकलेला. साडी काठापासून पदरापर्यंत यायला लागायची आणि चहा गार व्हायचा. म्हणून तिने तेच काम रस्ट नावाच्या प्रोग्रामिंगच्या भाषेत नव्याने लिहिलं. मध्ये कुणी दलाल नको, सरळ ग्राफिक्स कार्डाशी बोलायचं. तिच्या लॅपटॉपवर ते झुळझुळ चालत होतं. कंपनीतून तिने तीन दिवसांची सुट्टी काढली, आणि पहिल्याच दिवशी हे असं.

तिने कोड वरपासून वाचायला घेतला. सामान तसं थोडंच होतं. एक विंडो. त्या विंडोवर ताणलेला सरफेस, म्हणजे जिच्यावर चित्र उमटणार ती जागा. मग अडॅप्टर, म्हणजे मशीनमध्ये कोणतं कार्ड आहे त्याचा शोध. मग त्या कार्डाकडून मागून घेतलेलं डिव्हाइस, आणि त्याला कामं देण्याची रांग. सगळं होतं. फक्त तिने कार्ड आधी मागितलं होतं आणि सरफेस नंतर ताणला होता. लॅपटॉप नव्या घराण्यातला, त्याने ते चालवून घेतलं. हा जुना मात्र जुन्या वाटेनेच भेटणारा. कोणत्या सरफेसवर रंगवायचं ते आधी सांगितल्याशिवाय तो कार्ड दाखवायलाच तयार नव्हता.

दुपारी भाकर खाताना तिने हे आत्याला सांगितलं. बायजाबाई कांदा फोडत म्हणाली, "म्हणजे मागाची फणी न पाहता सूत आणलं म्हण ना. माग कितीचा, फणी कितीची, हे पाहूनच सूत घ्याव लागते वं. शाळेत एवढंही शिकवत नाई का?"

"शिकवते. मीच विसरली."

"विसरन कशी? तुह्या घरात तर माग होता."

कामिनी हात धुऊन पुन्हा कॉम्प्युटरपुढे बसली. तिने क्रम बदलला. आधी सरफेस, मग त्या सरफेसला चालेल असंच कार्ड मागितलं. या वेळी कार्ड सापडलं, पण डिव्हाइस मिळेना. मागताना तिने लॅपटॉपच्या ऐपतीची भलीमोठी यादी दिली होती. एवढं मोठं चित्र पाहिजे, इतक्या जागा पाहिजेत. जुन्या कार्डाच्या घरात तेवढं नव्हतंच. तिने यादी छाटली. लागतं तेवढंच ठेवलं. पाच वाजता विंडो उघडली आणि उघडीच राहिली. नुसती काळी, रिकामी, पण स्थिर. धुऊन काढलेल्या पाटीसारखी.

कामिनी तिच्याकडे बराच वेळ पाहत बसली. काही नसलेलं पाहून इतका आनंद होतो हे बाहेरच्या माणसाला सांगता येत नाही.

बुधवारी साडेअकराला साडी आली. अंग पांढरं, काठ डाळिंबी, काठात काळी रेघ. पदर ओढला की लगेच सरकत होता. गोविंदाने टाळी वाजवली.

"झालं! बायजाबाई, या, पाहा तुमचा डाळिंबी!"

बायजाबाई आली. दारातूनच तिने स्क्रीनकडे पाहिलं, तशीच परत गेली, आणि सुताची एक लड घेऊन आली. वाळलेली, कालचीच. ती लड तिने स्क्रीनला लावून धरली.

"हा माझा नव्हे."

"काहून? डाळिंबीच तर हाय," गोविंदा म्हणाला.

"हा डाळिंबी नव्हे गा. हा दुखण्यातून उठलेला डाळिंबी हाय."

आणि खरंच, लड शेजारी आल्यावर लपायला जागा राहिली नाही. सुताचा रंग भरलेला, आत ओढून घेणारा. स्क्रीनवरचा त्याचाच चुलत भाऊ, पण फिका, कुठेतरी गुलाबीकडे कललेला.

"स्क्रीनवर थोडा फरक येतेच ना बाई," गोविंदा समजुतीने म्हणाला.

"मग मॅडमले साडी देशीन तवाही असंच म्हणशीन का? थोडा फरक येतेच म्हणून?"

कामिनीने मॉनिटरची बटणं दाबून उजेड कमी केला. साडीचं पांढरं अंग मळकट झालं. डाळिंबी तसाच.

"आता पांढऱ्यालेही आजारी पाडलं," बायजाबाई म्हणाली.

"आत्या, आकडे तुह्याच वहीतले हाय!" कामिनीचा आवाज चढला. "एकेक धागा फोटो काढून घेतला मी. आकड्यात चूक नाई."

"मी कुठं म्हटलं चूक हाय म्हणून? मी म्हटलं, हा माझा नव्हे."

गोविंदाने खिशातून मोबाइल काढला, पुन्हा ठेवला. "पोरी, तू मेहनत केली, मी पाहिलं. पण उद्या मॅडमसमोर असा वाद नको. आज संध्याकाळी मी सूतवाल्याले हो म्हणून टाकतो."

"उद्या अकरापर्यंत थांबा, भाऊ. मॅडम येईपर्यंत."

"अकरापर्यंत," तो म्हणाला. "पण मग मले म्हणू नको."

दुपारी कामिनी लॅपटॉप घेऊन शेडमध्ये जाऊन बसली. बायजाबाईने डेग चढवली होती. काठीने सूत पलटत ती गात होती. गाणं म्हणावं इतकं मोठं नाही, पुटपुटणं म्हणावं इतकं लहान नाही.

*सूत बाई पांढरं, आलं माहेराला*
*डाळिंबी गं ल्यालं, गेलं सासराला*

एका ओवीला एक पलटी. अकरा झाल्या तशी तिने लडी काढून दांडीवर टाकल्या. पाणी निथळू लागलं. मग हात पुसून ती लॅपटॉपजवळ वाकली आणि थबकली.

"हा तर माझाच हाय."

"कोणता?"

"हाच. तुह्या डब्यातला. हा बरोबर हाय. तिथलाच बिघडला."

कामिनीने लॅपटॉप उचलून हॉलमध्ये नेला आणि जुन्या स्क्रीनच्या शेजारी ठेवला. तोच प्रोग्राम. तेच आकडे. इकडे डाळिंबी, तिकडे त्याचा आजारी चुलत भाऊ. मॉनिटरच खराब, तिच्या मनात आलं. तसं ती बोललीही.

बायजाबाई दोन्हीकडे आळीपाळीने पाहत होती. अडतीस वर्षांची सवय. ती रंगाकडे नाही, रंगाच्या शेजाऱ्यांकडे पाहायची.

"मॉनिटर खराब असता तर सारेच बिघडले असते. नीट पाय. पांढरं पांढरंच हाय. काळी रेघ काळीच हाय. दोन टोकं जागच्या जागी, अन् मधलेच सारे उतरले. असं माझ्या हातानं एकदा झालं होतं."

"कधी?"

"तू झाली नव्हती. तुही माय नवीन होती घरात." बायजाबाई खाली बसली. "लग्नाच्या बारा साड्यांचं सूत. रंगवलं की सूत एकदा साबणाच्या पाण्यात धुवाव लागते. वरचा जास्तीचा रंग निघून जाते, मंग तो पक्का बसते. सरितानं, तुह्या मायनं, सकाळी उठून धुतलं. शहाणी होती, कोणाले सांगितलं नाई, म्हणे सासूबाई खूश होईन. मी आली दुपारी. मले काय माहीत? मीही धुतलं. संध्याकाळी पायतो तर पांढऱ्याले काही नाई, काळ्याले काही नाई, अन् डाळिंबी, जांभुळ, आमसुली, सारे फिके. आम्ही रात्रभर भांडलो वं. कारण तिनंही बरोबरच केलं होतं, अन् मीही बरोबरच केलं होतं. चूक कोणाजवळच नव्हती, मंग सापडन कुठं?"

मग तिने ती ओवी म्हटली. त्या वेळी बायजाबाईच्या आईने दोघींना बसवून म्हणायला लावलेली.

*एकदा धुवा बाई, कन्हानचा काठ*
*दुसऱ्या गं धुण्याला, रंग फिरवी पाठ*

कामिनी हलली नाही. तिचं बोट लॅपटॉपच्या कडेवर तसंच राहिलं.

"आत्या, पुन्हा सांग. पांढरं अन् काळं तसंच राहते?"

"त्यायले धुण्यानं काय होते?"

पहिलं धुणं कुणी केलं? फोटोने. कॅमेरा उजेडाचे कच्चे आकडे देतच नाही. डोळ्याला बरे दिसावेत म्हणून मधल्या छटा उजळ करून मगच देतो, पांढऱ्याला आणि काळ्याला हात न लावता. म्हणजे वहीतले एकशे बारा रंग तिच्याकडे आले तेच एकदा धुतलेले. मग दुसरं धुणं कोण करत होतं?

ती कोडमध्ये शिरली. सरफेस ताणताना त्याला सांगावं लागतं की रंग कोणत्या फॉरमॅटमध्ये ठेवायचे. प्रत्येक कार्ड आपल्याला जमणाऱ्या फॉरमॅटची एक यादी देतं. कामिनीने त्या जागी घाईघाईत लिहिलं होतं : यादीतला पहिला घे. लॅपटॉपच्या यादीत पहिला होता साधा फॉरमॅट, दिले तसे आकडे दाखवणारा. जुन्या मशीनच्या यादीत पहिला होता तो, जो दाखवायच्या आधी मधल्या छटा स्वतः उजळ करतो. तोही बिचारा बरोबरच करत होता. त्याला काय माहीत, सकाळी कुणी धुऊन ठेवलंय?

"दोघींनी धुतलं," कामिनी म्हणाली.

"कोण दोघी?"

"ह्या दोघी." आणि ती एकटीच हसायला लागली. बायजाबाईने तिच्याकडे असं पाहिलं, की पोरीला ऊन लागलं की काय.

आता साधा फॉरमॅट शोधून तो लावता आला असता. पण उद्या तिसरं मशीन आलं, त्याच्या यादीत तो नसला, तर पुन्हा तेच. कामिनीने घरातला नियमच लावला : धुणं एकाच्याच हातचं. फोटोतले आकडे आधी उलटे फिरवून कच्चे करायचे, जसं काही अजून पाण्यात गेलेच नाहीत. आणि शेवटचं धुणं नेहमी कार्डाकडे. यादीत कुठेही असो, धुणारा फॉरमॅटच शोधून घ्यायचा. दहा-बारा ओळी. चार वाजता तिने जुन्या कॉम्प्युटरवर प्रोग्राम चालवला.

काठ भरून आला. तिला तरी तसं वाटलं.

"आत्या, लड आण!"

बायजाबाईने आणली नाही. तिने पश्चिमेच्या खिडकीकडे बोट दाखवलं. "आता नाई. या उन्हात शेणही सोनं दिसते. रंग जुळवायचा तो सकाळी, उत्तरेच्या दारात."

"अवं पण मॅडम अकराले येऊन राहिली!"

"मग मी दहाले येईन. अडतीस वर्षांत चारच्या उन्हात हो म्हटलं नाई, ते आता काहून म्हणू?"

कामिनीने कॉम्प्युटर बंद केला.

गुरुवारी दहाला दोघींनी मिळून टेबल उत्तरेच्या दाराकडे सरकवलं, वायर पुरेना तेव्हा बायजाबाईने भट्टीवरचा जोडबोर्ड आणून दिला. पावणेअकराला ती लड घेऊन स्क्रीनसमोर गुडघ्यावर बसली. त्याच वेळी बाहेर गाडी थांबली. पायल मॅडम वेळेच्या आधीच आल्या होत्या, आणि गोविंदा त्यांच्यामागून "या, या, चहा घ्या" करत आत आला. तो दारातच थांबला. एक म्हातारी बाई स्क्रीनला सूत चिकटवून बसली आहे, हे त्याला गिऱ्हाइकाला दाखवायचं नव्हतं.

"काय करून राहिल्या ह्या?" पायलने विचारलं. तिशी-पस्तिशीची, बोलकी नागपूरकरीण.

"पारख चालू आहे," कामिनी म्हणाली. आणखी काय सांगणार?

बायजाबाईने लड डावीकडे सरकवली, उजवीकडे सरकवली. डोळे बारीक केले. मग लड काठावर ठेवली आणि हात काढून घेतला. लड स्क्रीनच्या कडेला लोंबत राहिली, आणि ती कुठे संपते आणि काठ कुठे सुरू होतो हे दोन पावलांवरून कळेना.

"हा माझा," ती म्हणाली.

गोविंदाने सोडलेला श्वास सगळ्यांना ऐकू आला.

पायल खुर्ची ओढून बसली. तिने डाळिंबीला हात लावला नाही. काठाला जांभुळ टाकला. "आता हा दाखवा सुतात." बायजाबाईने जांभुळाची लड आणली. जुळला. आमसुली. जुळला. पिकलं लिंबू. जुळला. पायलला खेळ सापडला. ती एकेक निवडत होती आणि बायजाबाई शेडमधून एकेक आणत होती, आणि कामिनी प्रत्येक वेळी आपली बोटं मुठीत धरत होती. मग पायलने मोरपंखी टाकला.

बायजाबाईने लड धरली. बराच वेळ धरली.

"हा नाई जुळत."

गोविंदाने डोळे मिटले. "बाई, थोडा फरक..."

"नाई म्हटलं ना गा. माझा जास्त खोल हाय."

सगळे कामिनीकडे पाहू लागले. तिने आकडे तपासले, फोटो तपासला. धुणं एकदाच झालं होतं. चूक नव्हती. हा रंगच त्या काचेच्या पलीकडचा होता. स्क्रीनचा हिरवा-निळा जिथवर पोचतो त्याच्या दोन पावलं पुढे आत्याची डेग पोचली होती. तिने खोटं बोलायचं ठरवलं असतं तर जमलं असतं. आत्यासमोर जमलं नाही.

"मॅडम, हा रंग स्क्रीनवर येत नाई. काही रंग येतच नाई. ह्याच्या जवळचा येतो, तोच दिसून राहिला तुम्हाला."

पायलने लड बायजाबाईच्या हातातून घेतली, दारात नेली, उलटी केली, सुलटी केली. "म्हणजे हा मोबाइलवरही दिसणार नाही? कोणालाच?"

"नाई."

"मग हाच पाहिजे मला. काठ हा, अंग पांढरं, चाळीस साड्या. बाकीच्या ह्याच्यावरून ठरवू." तिने स्क्रीनकडे बोट केलं. "आणि हा बनतो कुठे, ते पाहायचंय."

बायजाबाई तिला मागच्या दाराने घेऊन गेली. "साडी सांभाळा वं, डेगेचा थेंब उडाला तर तुमचीच मोरपंखी होईन," असं म्हणताना तिचा आवाज शेडमधून ऐकू आला.

गोविंदा हॉलमध्ये उभा राहून मोबाइलवर काहीतरी टाइप करत होता. एका बोटाने, हळूहळू. झाल्यावर त्याने तो कामिनीसमोर धरला. शुद्धलेखन बरोबर आहे का, एवढंच विचारायला. सूतवाल्याला लिहिलं होतं : सध्या नको. भट्टी चालू आहे.

"बरोबर हाय, भाऊ."

"अन् त्या मोरपंखीचं काय करतेस? यादीतून काढतेस का?"

कामिनीने विचार केला. मग कोडमध्ये त्या रंगाच्या नावाखाली तिने एक ओळ जोडली, प्रोग्राम पुन्हा चालवला. आधी सरफेस, मग कार्ड, मग डिव्हाइस. विंडो उघडली, उघडीच राहिली. मोरपंखीवर बोट ठेवलं की आता खाली लहान अक्षरांत येत होतं : हा रंग भट्टीवर येऊन पाहावा. सकाळी, उत्तरेच्या दारात.

मागे शेडमध्ये डेग उकळायला लागली होती, आणि पलटीबरोबर ओवी सुरू झाली होती. मोरपंखीला किती ओव्या लागतात, हे कामिनीने आत्याला कधी विचारलंच नव्हतं. ती कोपऱ्यातली आत्याची पुठ्ठ्याची वही आणि पेन घेऊन मागच्या दाराने बाहेर पडली, आणि मोजू लागली.